सत्तावीस मिनिटांची दहा मिनिटं

झटपट स्नूकर करंडकाच्या पहिल्या फेरीत मी गतविजेत्या शंभू काटकरला हरवलं.

आता हे वाक्य विसरा. असं काही झालेलं नाही. मी कुणालाही हरवलेलं नाही, त्या दिवशी मी क्यूच्या काठीला हातसुद्धा लावला नाही, आणि तुम्ही हे वाचत नाही आहात. स्वस्तिक-सौरभ सहकारी गृहरचना संस्था, बिबवेवाडी, यांच्या इतिवृत्तात या सामन्याची नोंद नाही. ते इतिवृत्त मंजूर झालेलं आहे आणि ते मीच लिहिलेलं आहे. अक्षर बरं आहे म्हणून मला क्रीडा उपसमितीचा सचिव केलं होतं. उपसमितीत मी एकटाच आहे. गणसंख्या दोन आहे. त्यामुळे आमची एकही सभा आजवर कायदेशीर झालेली नाही.

तर जे झालं नाही ते कसं झालं, ते सांगतो.

आमच्या क्लब हाउसमध्ये एक स्नूकरचं टेबल आहे. बारा फुटी, खाली दगडी फरशा, वर हिरवं कापड. बिल्डरने माहितीपत्रकात पोहण्याचा तलाव छापला होता, आणि दिलं हे. त्यावर प्लायवूड टाकलं की ते हळदीकुंकवाचं टेबल होतं, निवडणुकीत मतमोजणीचं होतं, आणि एकदा तर त्यावर पोलिओचे डोसही देऊन झाले आहेत. प्लायवूड काढून त्यावर स्नूकर खेळणारे आम्ही दोघंच. मी आणि आबा. आबा म्हणजे माझे वडील, रामदास. ते खडकीच्या कारखान्यात टाइम ऑफिसला होते, बत्तीस वर्षं. मी खराडीला सॉफ्टवेअर टेस्टर आहे. म्हणजे नक्की काय करतोस, हे त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं, की घरातलं आमचं बोलणं संपतं. टेबलावर मात्र दर रविवारी दोन तास आम्ही भरभरून बोलतो. 'लाल.' 'काळा.' 'हुकला.' 'तुझा.' असं.

यंदाच्या वार्षिक सभेत अध्यक्षा हेमाकाकूंनी विषय काढला. "सोसायटीत रोज दीडशे पार्सलं येतात," त्या म्हणाल्या. "ती गेटवर ऊन खातात. आणि इथे दोन माणसं चेंडू ढकलतात. मी म्हणते, टेबल काढून इथे पार्सल खोली करू या."

टाळ्या पडल्या. मी उभा राहिलो. आबा माझ्या शेजारी बसले होते आणि स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते. त्यांना खूप वाईट वाटलं की ते घड्याळ बघतात. म्हणून मी म्हणालो, "आपण टेबलावर स्पर्धा भरवू."

तासभर चर्चा झाली आणि ठराव असा झाला, की तीन महिन्यांत टेबलावर एक स्पर्धा भरवावी. एकही लेखी तक्रार न येता ती पार पडली तर टेबल राहील. एक जरी लेखी तक्रार आली तर टेबल जाईल. ठराव वाचून होताच अख्ख्या सभेने मान वळवून बापूरावांकडे पाहिलं.

बापूराव बी-विंगच्या तळमजल्यावर राहतात. मार्केट यार्डात त्यांची तोलणाराची, म्हणजे माल तोलायची, नोकरी होती. तीस वर्षं कांद्याची पोती काट्यावर चढताना पाहिल्याने त्यांना जगातली प्रत्येक गोष्ट थोडी कमी भरते. ती किती कमी भरली हे ते लेखी कळवतात. लिफ्ट दोन सेकंद उशिरा येते, पाण्याचा दाब तिसऱ्या नळाला कमी आहे, सत्यनारायणाच्या प्रसादात बेदाणे विषम प्रमाणात पडले आहेत. प्रत्येक तक्रारीला क्रमांक असतो. सभेच्या दिवशी चारशे बारा चालू होता.

सभेत ते फक्त एवढंच म्हणाले, "ठराव चांगला आहे."

आता स्पर्धा आणायची कुठून? इथे मला अवनी भेटली. ती एका छोट्या कंपनीसाठी व्यावसायिक खेळाडूंची झटपट स्नूकर स्पर्धा भरवत होती आणि तिचा ठरलेला हॉल ऐन वेळी एका लग्नाने पळवला होता. या खेळाचे नियम तिने मला फोनवरच सांगितले. दोन खेळाडू, एकच डाव, दहा मिनिटं. एक लाल बॉल पॉकेटात घातला की मग एक रंगीत; लालचा एक गुण, निळ्याचे पाच, काळ्याचे सात. पहिली पाच मिनिटं प्रत्येक फटक्याला पंधरा सेकंद, पुढची पाच मिनिटं फक्त दहा. फाउल झाला की समोरच्याने पांढरा बॉल हवा तिथे ठेवून खेळायचं. वेळ संपली की ज्याचे गुण जास्त तो पुढे, दुसरा घरी. सोळा खेळाडू, एका दिवसात निकाल.

"आणि बेस्ट पार्ट म्हणजे," ती म्हणाली, "टेबल एकच लागतं."

एकच टेबल! अख्ख्या पुण्यात एकच टेबल असलेली जागा अभिमानाने सांगणारा मी एकटाच असेन.

इथून पुढे कागदपत्रं. क्लब हाउस मागण्याचा अर्ज एकच प्रकारचा आहे आणि तो बारशासाठी केलेला आहे. त्यामुळे अवनीने 'बाळाचे नाव' या रकान्यात 'झटपट स्नूकर करंडक' लिहिलं, 'जन्मवेळ' या रकान्यात 'दुपारी दोन' लिहिलं आणि मागच्या पानावरच्या चौदा अटी न वाचता सही केली. मग हेमाकाकूंनी उपविधी काढला. क्लब हाउसमध्ये बाहेरच्या माणसाला सभासदाचा पाहुणा म्हणूनच प्रवेश, आणि एका सदनिकेला एका वेळी एकच पाहुणा. म्हणजे सोळा खेळाडूंना सोळा यजमान शोधायचे. अवनी मला म्हणाली, "सर, दे आर प्रोफेशनल्स. ते येतील, खेळतील, जातील." हेमाकाकू म्हणाल्या, "बाळ, पाहुणा असा जातो का?"

चिठ्ठ्या टाकल्या. आमच्या घरी अकोल्याचा बद्रीनाथ आला. बापूरावांच्या घरी शंभू काटकर गेला, गतविजेता, कोल्हापूरचा. मी मनात म्हटलं, गेलं टेबल. ज्या घरात मीटर बघायला आलेल्या माणसालाही पाणी विचारलं जात नाही, तिथे हा पाहुणा काय टिकणार?

पण माणसाचं काही सांगता येत नाही. पाहुण्याची नोंद स्वतःच्या नावावर झाली हे कळताच बापूराव आतून बदलले. स्पर्धेच्या दिवशी सकाळी नऊला ते शंभूला घेऊन यार्डातून हापूस निवडून आले. दहाला त्यांनी त्याला कुंदा खाऊ घातला. अकराला मी त्यांना जिन्यात गाठलं तर ते कुजबुजले, "पोरगं फार गुणी आहे रे. जेवताना एकदाही मीठ कमी म्हणालं नाही." तीस वर्षांत त्यांच्या काट्यावर पूर्ण भरलेली ही पहिली वस्तू असावी.

बाकीच्या घरांतही हेच चालू होतं. ए-विंगच्या विमलाबाईंनी त्यांच्या पाहुण्याला सहा पुरणपोळ्या वाढल्या आणि सातवी 'टेबलावर चढण्यापूर्वीची' म्हणून दिली. त्याच्या सामन्यात त्याला वाकता येईना. स्नूकर हा वाकून खेळायचा खेळ आहे. तो उभ्यानेच खेळला, सरळ, एखाद्या पुढाऱ्याने फीत कापावी तसा, आणि दहा मिनिटांत तीन गुण करून हरला. विमलाबाई म्हणाल्या, "आठवी घ्यायला हवी होती, ताकद आली असती."

त्याआधी दोन अडचणी आल्या. पहिली टेबलाची. आमचं टेबल बी-विंगकडे किंचित झुकतं. अवनीचा फिटर पाणसळ घेऊन आला आणि एका पायाखाली पट्टी सरकवू लागला, तेव्हा हेमाकाकूंनी त्याला थांबवलं. क्लब हाउसमधल्या स्थावर वस्तूत बदल करायचा तर सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. बापूराव म्हणाले, "आणि ते झुकतं हे कोण म्हणतं? आमच्या बाजूने बघा, ए-विंग वर आहे." फिटरने पाणसळ पिशवीत टाकली. तो गेला तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते, असं मला वाटलं.

दुसरी अडचण घड्याळाची. अवनीने एक भलामोठा इलेक्ट्रॉनिक फलक आणला होता. त्याला लागणारं मोठं सॉकेट, कुणीतरी दीड वर्षापूर्वी त्यावर इलेक्ट्रिक स्कूटर चार्ज केल्यामुळे, ठरावाने कुलूपबंद आहे. किल्ली खजिनदारांकडे. खजिनदार सांगलीला. कॅमेऱ्याचीही बत्ती तिथेच लागणार होती, त्यामुळे चित्रीकरण रद्द झालं. अवनी खुर्चीत बसली आणि तिने थोडा वेळ भिंतीकडे पाहिलं.

"वेळ मी लावतो," आबा म्हणाले.

मी आबांना असं स्वतःहून बोलताना त्या वर्षात पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी मोबाइलमध्ये कुठलंसं सामन्याचं घड्याळ उतरवून घेतलं, मोबाइल पालथ्या पातेल्याला टेकवून टेबलावर उभा केला, देवघरातली घंटा बाजूला ठेवली आणि कारखान्यातला जुना निळा कोट घातला. "घड्याळ एकदा लावलं की त्याला हात नाही," त्यांनी जाहीर केलं. "बत्तीस वर्षांत मी एका माणसाचं अर्धं मिनिट इकडचं तिकडे केलेलं नाही. सख्ख्या साडूला लेटमार्क दिलाय."

आई म्हणाली, "म्हणूनच ते येत नाहीत."

दोन वाजता स्पर्धा सुरू झाली. एकशे वीस माणसं दाटीवाटीने बसली होती. अवनीने माइक घेतला. "या फॉरमॅटमध्ये क्राउडने ओरडायचं असतं! फुल एनर्जी! काहीही ओरडा!"

हॉल शांत.

"काहीही म्हणजे नेमकं काय?" मागून कुणीतरी विचारलं.

"एनीथिंग, काका!"

थोडी कुजबुज झाली. मग तिसऱ्या रांगेतून एक आवाज आला, "सोळा चौऱ्याऐंशी नंबरची गाडी काढा, माझी अडकली आहे!" त्याने मात्र बांध फुटला. पहिला सामना संपेपर्यंत हॉलमध्ये कान फाटायची वेळ आली. पण आमच्या लोकांना नुसतं ओरडणं जमत नाही. त्यांना सल्ला देता आला पाहिजे. "अहो, आधी तो कोपऱ्यातला घ्या!" "गुलाबी सोडलात? गुलाबी सोडलात तुम्ही?" "हळू मारा, घाई कसली आहे!" घाई नियमात होती. पंधरा सेकंदांत त्या खेळाडूंना नऊ जणांचं ऐकायचं होतं. शिवाय यजमान. एका काकूंनी तर पाच सेकंद उरलेले असताना टेबलाशी येऊन विचारलं, "चहा आत्ता आणू की हा मारून झाल्यावर?" पाहुणा "नंतर चालेल, थँक यू" म्हणाला, घंटा वाजली, फाउल.

चार वाजता पहिल्या फेरीचा शेवटचा सामना होता. शंभू काटकर विरुद्ध आमचा बद्रीनाथ. शंभू टेबलाशी उभा होता, त्याच्या मागे बापूराव रुमालाने त्याचा क्यू पुसत होते. बद्रीनाथ नव्हता.

तो कुठे होता, हे आम्हाला नंतर कळलं. त्याचा सामन्याचा शर्ट चुरगळला होता म्हणून तो गेटसमोरच्या इस्त्रीवाल्याकडे गेला होता. मोबाइल आमच्या घरी चार्जिंगला. परत आला तर गेटवर पोपट. पोपट आमचा वॉचमन, खेड शिवापूरकडचा, प्रामाणिक माणूस. मागच्याच महिन्यात न विचारता गादीवाल्याला आत सोडलं म्हणून बापूरावांनी त्याच्याविरुद्ध तक्रार क्रमांक चारशे नऊ दिली होती.

"साहेब, सकाळी मीच तुमाला गेट उघडलं," पोपट म्हणाला. "मी चांगला वळखतो तुमाला. पण ॲप वळखत न्हाय तवर मी बी वळखत न्हाय."

"अरे बाप्पा, मॅच हाय माही आत! काहून अडवून राह्यला मले?"

"रिक्वेष्ट टाकतो की. घरमालकानं मंजूर दाबलं की तुमी आत."

पाहुणा आला की ॲपवरून घरमालकाला फोन जातो. घरमालक आबा. आबांचा फोन कुठे होता, ते तुम्हाला माहीत आहे.

हॉलमध्ये अवनी घायकुतीला आली होती. "आठला हॉल सोडायचाय. बद्रीनाथला वॉकओव्हर देऊ, म्हणजे त्याच्या अगेन्स्ट."

"थांबा," बापूराव म्हणाले. त्यांनी खिशातून बारशाच्या अर्जाची प्रत काढली. ती त्यांच्याकडे होतीच. "माझा पाहुणा न खेळता जिंकला असं कुणी म्हणायला नको. अट क्रमांक अकरा. पाहुण्याच्या गैरहजेरीत त्याच्या सर्व जबाबदाऱ्या यजमानावर राहतील."

"काका, ते जेवणानंतर खरकटं उचलण्याबद्दल आहे!" अवनी म्हणाली.

"'सर्व' लिहिलंय. सही तुमचीच ना? मग यजमानांनी खेळावं." आणि माझ्याकडे बघून ते प्रसन्न हसले. "पुष्कर आहे की. खेळतो म्हणे दर रविवारी."

लोक हसले. मी सत्तावीस वर्षांचा आहे आणि एवढ्या माणसांनी एकदम मला हसण्याची ही तिसरी वेळ होती. मी क्यू उचलला. आबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी घड्याळ लावलं आणि घंटा वाजवली.

शंभूने पहिल्या दोन मिनिटांत वीस गुण केले. हॉल चिडीचूप. टाळ्या फक्त बापूरावांच्या, एकट्या, यार्डात लिलाव पुकारल्यासारख्या. मग त्याचा एक बॉल बी-विंगच्या बाजूला अर्धा इंच घसरला आणि हुकला. माझी पाळी आली.

मी टेबलाशी गेलो मात्र, सोसायटी उठून उभी राहिली. "पुष्कर! पुष्कर!" विमलाबाई तर "आपला पुष्कर!" म्हणून ओरडल्या, ज्या मला एरवी 'चौथ्या मजल्यावरचा सायकलवाला' म्हणतात. तो आवाज खिडकीतून थेट गेटपर्यंत गेला. गेटवर बद्रीनाथ उडाला. "सुरू झाली! मॅच सुरू झाली! टाका ना रिक्वेस्ट!" पोपटने रिक्वेस्ट टाकली.

आबांसमोरचा मोबाइल वाजायला लागला. आणि घड्याळ थांबलं. ते उतरवलेलं घड्याळ फोन आला की थांबतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पडद्यावर आलं, 'पाहुणा: बद्रीनाथ. मंजूर? नामंजूर?'

"अहो, फोन वाजतोय," आई म्हणाली.

"हा फोन नाही, घड्याळ आहे."

"मग घड्याळ वाजतंय."

"वाजू दे. माझं लक्ष वेळेवर आहे."

मी इकडे वाट बघत होतो की आबा शेवटची पाच सेकंदं कधी मोजायला लागणार. ते लागेनात. मला वाटलं, घाबरल्यामुळे वेळ हळू जातोय, असं म्हणतातच. मी टेबलाभोवती एक चक्कर मारली. झुकाव धरला, नेम धरला, लाल घातला. फोन वाजून वाजून थांबला, घड्याळ चालू झालं. काळा घातला, लोक पुन्हा ओरडले, गेटवर बद्रीनाथ पुन्हा उडाला, पोपटने पुन्हा रिक्वेस्ट टाकली.

बघा कसं बसवलंय. मी खेळायला लागलो की सोसायटी ओरडणार, सोसायटी ओरडली की बद्रीनाथ पोपटच्या मागे लागणार, पोपटने बटण दाबलं की माझं घड्याळ थांबणार. शंभू खेळताना मात्र शांतता, त्यामुळे त्याला नियमाप्रमाणे पंधरा किंवा दहा सेकंद, पुढे एक नाही मागे एक नाही. मी टेस्टर आहे. असा दोष मी नोकरीत शोधून काढला असता तर मला बढती मिळाली असती. इथे मला वाटलं, मी आज फॉर्मात आहे.

शंभू बिचारा वीसवरून अडतीसवर गेला. झुकाव त्याला कळेना. तो सरळ मारायचा आणि बॉल बी-विंगला भेटून यायचा. मी पस्तीसवर होतो तेव्हा एक लाल कडेला उभा होता. तो घातला, छत्तीस. डाव संपत आला आणि आबांचा आवाज आला, "पाच. चार. तीन." हॉल किंचाळला. "दोन." आणि फोन वाजला.

दोन सेकंदांवर माझा काळ थांबला. त्या दोन सेकंदांत मी पाणी प्यायलो. क्यूला खडू लावला. निळ्या बॉलकडे मागून पाहिलं, पुढून पाहिलं. आई म्हणाली, "निळा घे, मधल्या पॉकेटात, हळू." विमलाबाई म्हणाल्या, "काळा घे, जास्त आहेत." त्यावर दोन रांगांत थोडा वाद झाला, तोही ऐकला. शंभू खुर्चीत बसून बापूरावांनी दिलेला आंबा चोखत होता. मग मी निळा मारला. तो मधल्या पॉकेटाच्या दोन बोटं अलीकडून चालला होता, पण अर्ध्या वाटेत त्याला बी-विंगची आठवण झाली. वळला आणि पडला. एक्केचाळीस. फोन थांबला. "एक," आबा म्हणाले, आणि घंटा.

मला लोकांनी उचललं. पंख्याला डोकं लागेल म्हणून लगेच खाली ठेवलं.

मग बापूराव उठले. त्यांनी मनगट वर केलं. "माझ्या घड्याळात चार सदतीस झालेत. सुरुवात चार दहाला. हा डाव सत्तावीस मिनिटं भरतो."

"पण टायमर तर दहाच दाखवतोय," अवनी म्हणाली.

आबा उभे राहिले. निळ्या कोटाची बटणं लावली. "बापूराव बरोबर आहेत. घड्याळ सतरा मिनिटं थांबलं होतं. दर वेळी पुष्करच्या पाळीला. मी मोजलंय."

"आबा!" मी म्हणालो. "मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"वेळ लावणाऱ्याने चालू सामन्यात बोलायचं नसतं." त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा कुणालातरी त्यांनी सतरा मिनिटं दिली होती, आणि तीही पोराला.

बापूरावांनी पेन काढलं. खिशातून कागद आला. वर त्यांनी सुवाच्य अक्षरात क्रमांक घातला, चारशे तेरा.

"काका, राहू द्या ना," शंभू म्हणाला. "हरलो मी. मजा आली."

"तू गप बस. तू पाहुणा आहेस. माझ्या घरच्या माणसाला कमी तोललेलं मी खपवून घेणार नाही."

हॉलच्या त्या टोकाला हेमाकाकू टेप घेऊन टेबलाची लांबी मोजायला लागल्या होत्या. पार्सलांच्या रॅकसाठी असावी. आबा टेबलाच्या कडेवर हात ठेवून उभे होते, आणि घड्याळाकडे बघत होते.

मी आयुष्यात जिंकलेली ही एकमेव गोष्ट होती. शाळेत लिंबू-चमच्यातसुद्धा माझं लिंबू आधी पोहोचायचं आणि मी नंतर. पण तो कागद पुरा झाला असता तर रविवारी आबांशी मी काय बोललो असतो? टेस्टर म्हणजे काय, हे पुन्हा सांगितलं असतं?

"बापूकाका," मी म्हणालो, "कुठल्या सामन्याची तक्रार करताय?"

"कुठल्या म्हणजे? आत्ताच्या."

"आत्ता कुठे काय झालं? सामना शंभू विरुद्ध बद्रीनाथ आहे. बद्रीनाथ गेटवर आहे. तो आला की सुरू होईल."

हॉल एवढा शांत झाला की गेटवरचा बद्रीनाथ ऐकू आला. बापूरावांनी मला वरपासून खालपर्यंत तोललं. "म्हणजे तू जिंकला नाहीस?"

"मी खेळलोच नाही."

"सचिव म्हणून तसं लिहून देशील?"

"लिहितो. पण मग तुम्हीही लिहून द्या, की आजच्या संपूर्ण स्पर्धेबद्दल आपली कोणतीही तक्रार नाही."

त्यांनी पेनाची उघडझाप केली. शेवटी सही केली. तेवढ्यात हेमाकाकू टेप गुंडाळत आल्या. "ते ठीक आहे. पण चार दहा ते चार सदतीस सभागृहात काय चाललं होतं? इतिवृत्तात रिकामा वेळ ठेवता येत नाही."

मी इतिवृत्ताची वही उघडली.

"चहापान," बापूराव म्हणाले.

मी लिहिलं, 'चहापान'. ताबडतोब विमलाबाई उठल्या. "चहापान झालं? आणि मला चहा नाही? पुष्कर, जरा एक कागद दे." ती लेखी तक्रार ठरली असती. आईने पळत जाऊन पातेलं चढवलं. एकशे वीस माणसांना कपबशा पुरेनात, तेव्हा निम्म्यांनी करंडकातून चहा घेतला.

आबांनी मोबाइलवर 'मंजूर' दाबलं. बद्रीनाथ धावत आला, इस्त्रीचा शर्ट हातात, अंगावर दुसरा, चुरगळलेला. सामना झाला. बरोबर दहा मिनिटं. गेटवर अर्धा तास तो पोपटच्या खुर्चीत बसला होता आणि ती खुर्चीही बी-विंगकडे झुकते, त्यामुळे असेल, त्याला टेबल पहिल्या फटक्यापासून कळलं. तो बावन्न-अकरा जिंकला. बापूरावांचा हात पेनाकडे गेला आणि तसाच परत आला. त्यांनी शंभूला जवळ घेतलं आणि उरलेले आंबे खोक्यात भरायला घरी नेलं.

टेबल राहिलं. करंडक इंदूरच्या कुणीतरी नेला, धुऊन.

पुढच्या रविवारी आबा आणि मी खेळत होतो. 'लाल.' 'हुकला.' 'तुझा.' असं नेहमीचं झालं. मग मी विचारलं, "आबा, तो निळा कसा होता?"

"कुठला निळा?" आबा म्हणाले. त्यांनी निळा बॉल उचलला, कोटाने पुसला, जागेवर ठेवला, आणि मग टेबलाच्या पलीकडून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "हळू मारलास ते बरं केलंस."

त्याच संध्याकाळी मी खालील अर्ज सोसायटीच्या पेटीत टाकला आहे.

प्रति,
मा. अध्यक्षा, व्यवस्थापकीय समिती,
स्वस्तिक-सौरभ सहकारी गृहरचना संस्था, बिबवेवाडी, पुणे.

विषय : चहापानाच्या निकालाबाबत.

महोदया,

स्पर्धेच्या दिवशी दुपारी ४.१० ते ४.३७ या वेळेत सभागृहात चहापान झाले, हे मला पूर्णपणे मान्य आहे. सदर वेळेत कोणताही सामना झाला नाही, याबद्दलही माझी काही तक्रार नाही. तरी सदर चहापान ४१ विरुद्ध ३८ असे संपले, एवढी दुरुस्ती इतिवृत्तात करून मिळावी, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
पुष्कर रामदास खळदकर
सचिव, क्रीडा उपसमिती
(गणसंख्येअभावी)